लक्ष्मी, वही आणि आमची कादंबरी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मोताळ्याच्या बाजारातून एक फेरी मारावयाची, ही माझी फार जुनी सवय. दुकानांच्या दारांना झेंडूच्या माळा आणि केळीचे खुंट लागलेले असतात. आत गादीवर पांढरीशुभ्र चादर, तिच्यावर नवी लाल वही, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक. मालक डोक्यावर टोपी घालून वहीला हळदकुंकू वाहतो, तिला नमस्कार करतो आणि येईल त्याच्या हातावर लाह्या-बत्तासे ठेवतो. ते खात खात मी घरी येई, तर आमच्या चौरंगावर निराळाच थाट. एक नवी केरसुणी, वाटीत लाह्या, ताम्हनात चार नाणी, आणि शेतातून आणलेली कापसाची दोन बोंडे.

सात-आठ वर्षांचा असताना मी मायला विचारले होते, "माय, आपण केरसुणी पुजतो, मंग शेठजी वही काऊन पुजते?"

माय वात वळीत होती. मान वर न करता म्हणाली, "ज्याची लक्ष्मी जिथं राह्यते, तो ते पुजते."

पुढे मी शिक्षक झालो, चार बुके वाचली, दोन-तीन कादंबऱ्याही लिहिल्या. पण पैशाविषयी इतके थोडक्यात आणि इतके नेमके वाक्य मला अद्याप लिहिता आलेले नाही. या दिवाळीत मला जे सांगावयाचे आहे, ते त्या वाक्याच्याच आधाराने. प्रश्न असा की, आमच्या मराठी लेखकांनी पैसा पाहिला तो कोठे पाहिला? माणसाच्या मुठीत, की वहीच्या पानात?

टीकालेख लिहिण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. दहावी झालो त्या वर्षी कापूस बुडाला आणि कॉलेजची पायरी दुरूनच पाहावी लागली. पुढे एका लहानशा खासगी शाळेत मुलांना बाराखडी आणि पाढे शिकवू लागलो, तो आजतागायत. तेव्हा अर्थशास्त्राचा मी विद्यार्थी नव्हे. पण व्याजाची त्रैराशिके मी वर्गात फळ्यावर सोडविली आहेत आणि घरात प्रत्यक्ष. शिवाय ज्या चुकीविषयी मी बोलणार आहे, ती प्रथम माझ्याच हातून घडलेली आहे. एवढा अधिकार पुरे व्हावा.

माझ्या पहिल्या कादंबरीत एक सावकार होता. पोट सुटलेले, बोटांत अंगठ्या, हसला की सोन्याचा दात चमके. गरिबाच्या लेकीबाळींवर त्याची वाईट नजर. शेवटच्या प्रकरणात त्याच्या वाड्याला आग लागते, सावकार तीत मरतो, गावाची सुटका होते आणि पूर्वेकडे तांबडे फुटते. कोंबडा आरवतो की नाही ते आता आठवत नाही, पण आरवत असावा. कादंबरीचे कौतुक झाले. मानधन म्हणून पाच हजार रुपये हाती आले. लिहून मिळालेला तो माझा पहिला पैसा.

आमच्या बाजारात तेव्हा एक वृद्ध अडते होते. कापूस, तूर, ज्वारी यांची अडत, आणि ओळखीच्या कास्तकारांना अडीनडीला उचल. माझे वडील त्यांचे जुने कूळ. वडील वारले तेव्हा त्यांच्या नावे काही बाकी राहिली होती. दोन वर्षे झाली, पण म्हाताऱ्याने मला कधी एका शब्दाने विचारले नाही. ते पाच हजार घेऊन मी दिवाळीच्या आधी त्यांच्या गादीवर गेलो. त्यांनी जुनी वही काढली, पाने उलटली आणि वडिलांचे पान माझ्यासमोर धरले. मूळ रकमेच्या खाली, दर दिवाळीला, त्याच सुबक अक्षरात व्याजाची एकेक ओळ लिहिलेली होती. माणूस थांबला होता, व्याज थांबले नव्हते.

मी पैसे मोजून दिले. त्यांनी 'जमा' लिहिले, पान आडव्या रेघेने बंद केले आणि चष्मा काढून म्हणाले, "मास्तर, तुमचं पुस्तक वाचलं मी. त्यातल्या सावकाराची पानाची चंची माझी हाये, चालबी माझीच हाये. ते राहू द्या. पण एक गोष्ट समजली नाही. सावकार मेला अन् गाव सुटलं, हे कसं काय जमलं? आमच्यात माणूस मेला तरी वही मरत नाही. पोरगा तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तीच वही उघडते."

मी मान खाली घालून परत आलो. एका भल्या माणसाची चंची आणि चाल चोरून मी खलनायक उभा केला होता, ही लाज होतीच. पण त्याहून मोठी लाज लेखक म्हणून होती. मी माणसाला जाळले आणि वही शाबूत ठेवली. त्या म्हाताऱ्याने एका वाक्यात माझ्या कादंबरीची जी टीका केली, तिच्याइतकी खरी टीका कोणा समीक्षकाने केली नाही. तेव्हापासून पैशाविषयीचे कोणतेही मराठी पुस्तक हाती घेतले की मी एकच कसोटी लावतो: लेखकाने सावकार दाखविला आहे, की वही?

वही म्हणजे काय, हे आधी साध्या शब्दांत सांगितले पाहिजे. आपण समजतो, पैसा म्हणजे नाणे किंवा नोट. नोट नीट वाचून पाहावी. शंभराच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही असते, आणि धारकाला शंभर रुपये देण्याचे वचन मी देतो, असे तिच्यावर छापलेले असते. पाठीमागे पंधरा भाषांच्या पट्टीत आपल्या मराठीतही रक्कम लिहिलेली असते. म्हणजे नोट ही वस्तू नव्हे, ते वचन आहे. (एक रुपयाच्या नोटेवर मात्र अर्थसचिवाची सही असते आणि वचन नसते. मुलांना हे दाखविले की त्यांना मोठी गंमत वाटते.) वचन म्हटले की दोन माणसे आली, एक देणारा आणि एक घेणारा. वहीत एकाच्या जमेला दुसऱ्याचे नावे असते. कोणाच्या तरी ऋणावाचून कोणाचे धन उभे राहात नाही. पैसा हा असा माणसामाणसांतला लिहिलेला संबंध आहे, आणि विषमतेचे बीज या लिहिण्यातच आहे. लेखणी कोणाच्या हाती, अंगठा कोणाचा, आणि थांबण्याची ताकद कोणापाशी, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर कोणाकडे काय उरणार ते ठरते.

त्यांतला तिसरा प्रश्न आमच्या वऱ्हाडात विशेष महत्त्वाचा. दिवाळीच्या तोंडावर कापूस घरात येतो. कास्तकाराला मजुरांचे चुकते करावयाचे असते, लेकीला माहेरी आणावयाचे असते, खताची उधारी फेडावयाची असते. तो आज विकतो. व्यापाऱ्याला आज विकावयाची घाई नसते, तो चैत्रात विकतो. कापूस तोच, पण मधल्या पाच महिन्यांची किंमत एकाच्या खिशात जाते. पैसा असणे म्हणजे थांबता येणे, आणि नसणे म्हणजे आजच विकावे लागणे. ही गोष्ट आजची नव्हे. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला पोहोचेना, आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना सोन्याचा भाव आला. १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेची शाखा आली ती या कापसासाठीच. पण युद्ध संपताच भाव कोसळला होता. चढत्या भावात लिहिलेली कर्जे मात्र उतरत्या भावात फेडावी लागली. भाव खाली येतो, वहीतला आकडा खाली येत नाही.

आता आपल्या साहित्याकडे आणि परंपरेकडे वळू. तुकोबांची ती कथा कोणाला ठाऊक नाही? घरी महाजनकी, वाणिज्य, देवघेव. १६३० च्या सुमाराचा भयंकर दुष्काळ पाहिल्यावर त्यांनी कुळांकडून येणे असलेली खते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. कथेतला एक बारकावा मात्र कीर्तनात पुष्कळदा निसटतो. धाकटा भाऊ कान्होबा याचा निम्मा वाटा त्यांनी वेगळा काढून दिला आणि फक्त स्वतःच्या वाट्याची खते बुडविली. मला या बारकाव्यात तुकोबांचे फार मोठे शहाणपण दिसते. त्यांनी कुळांना उपदेश केला नाही, सावकारांना शाप दिला नाही. आपल्या हातातला जो कागद, तेवढा पाण्यात सोडला. मराठी मनात पैशाविषयी जे काही उदात्त आहे, त्याचा उगम मला येथे दिसतो. पण ही सुटका देणाऱ्याच्या इच्छेने झालेली आहे, हेही विसरता येत नाही. प्रत्येक गावाला तुकोबा लाभत नाहीत, आणि कान्होबाच्या वाट्याची कुळे कुळेच राहिली असली पाहिजेत.

तोच कागद पुढे दुसऱ्या बाजूने नष्ट झाला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी बाजारात जमले आणि सावकारांच्या घरांवर गेले. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. आज त्याची हकीकत वाचताना आश्चर्य वाटते ते एका गोष्टीचे: लोकांचा मुख्य रोख सावकाराच्या देहावर नव्हता, त्याच्या दप्तरावर होता. रोखे आणि गहाणखते बाहेर काढून जाळली गेली. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते, त्यांनी आपला शत्रू अक्षरांत ओळखला. माझ्यासारख्या शिकलेल्या कादंबरीकाराला जे कळले नाही, ते त्या निरक्षरांना कळले होते. सरकारने चौकशीसाठी मंडळ नेमले आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला.

त्यानंतर चारच वर्षांनी, १८८३ साली, जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण झाला. ग्रंथाच्या आरंभीच्या त्या प्रसिद्ध ओळी शाळकरी मुलांनाही पाठ असतात, म्हणून येथे उतरवीत नाही. फक्त त्यांचा क्रम पाहावा. घसरण विद्येपासून सुरू होते, एकेक पायरी उतरत वित्तापाशी येते आणि मग माणूस खचतो. म्हणजे जोतीरावांच्या हिशेबात पैसा जाणे ही शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. पहिली आहे लेखणी हातात नसणे. एका दरिद्री शेतकऱ्याच्या घराचे जे वर्णन त्यांनी केले आहे, ते वाचताना अंगावर काटा येतो. पण नुसती कीव करून ते थांबत नाहीत. हा पैसा कोणत्या कचेरीतून, कोणत्या कागदाच्या वाटेने, कोणाच्या सहीने गेला, याचा माग ते काढतात. त्यांचा राग लिहिणाऱ्या कारकुनांच्या एका जातीवर इतका एकवटतो की इतर वर्णांच्या सावकारांचा हिशेब काहीसा मागे पडतो, एवढी उणीव मला वाटते. तरीही मराठी गद्यात वही प्रथम उघडून दाखविली ती त्यांनी, हे निःसंशय.

जोतीरावांनी कागद कोणाच्या हाती आहे ते पाहिले, तर त्या कागदावरचा रुपया स्वतः काय चीज आहे, ते एका मराठी घरात वाढलेल्या विद्वानाने जगाला सांगितले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'दि प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा इंग्रजी प्रबंध १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झाला. आपल्याकडे बाबासाहेबांची जयंती थाटाने होते, परंतु या पुस्तकाची आठवण थोड्यांना असते. विषय अवघड, पण त्यातले एक सूत्र आमच्या बाजारातल्या मजुरालाही समजेल असे आहे. रुपयाची खरी किंमत त्याने काय विकत मिळते यात आहे. रुपयाची किंमत उतरली की जिनसांचे भाव लगेच चढतात, मजुरी मात्र मागून रखडत येते. मधल्या अंतरात व्यापारी-कारखानदारांचा लाभ होतो आणि रोजंदारीवर जगणाऱ्याचे ताट हलके होते. म्हणून चलन स्थिर असावे, असा त्यांचा आग्रह होता, आणि हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देतानाही त्यांनी तो मांडला. कोणी खिसा कापीत नाही, कोणी दरोडा घालीत नाही, तरी गरिबाच्या मुठीतला रुपया मुठीतच झिजतो. यात खलनायक कोठे आहे? नाही. म्हणूनच आमच्या कादंबऱ्यांना ही गोष्ट सुचली नाही.

आम्हांला खलनायक लागतो. १९२५ साली बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात 'सावकारी पाश' हा मूकपट काढला, ना. ह. आपटे यांच्या कथेवर. तरुण शेतकऱ्याच्या कामात होते व्ही. शांताराम. पुढे १९३६ साली पेंटरांनीच त्याचा बोलपट केला. शेतकऱ्याची जमीन जाते आणि तो शहराची वाट धरून गिरणीत मजूर होतो, ही कथा त्या काळी पडद्यावर आणणे म्हणजे मोठे धाडस होते. पण त्यानंतर तो सावकार आपल्या चित्रपटांतून, वगांतून, कादंबऱ्यांतून जो फिरू लागला, तो आजवर थांबलेला नाही. पेंटरांना जे जिवंत सापडले, ते आम्ही पुठ्ठ्याचे करून वापरले. माझा सोन्याच्या दाताचा गृहस्थ त्याच पुठ्ठ्याचा. असा सावकार दाखविला की वाचकाला बरे वाटते. पाप एका माणसावर ढकलता येते, आणि तो माणूस आपण नसतो.

या वाटेने न गेलेली तीन मराठी पुस्तके मला मोठी वाटतात.

पहिले उद्धव शेळक्यांचे 'धग', १९६० सालचे. आमच्याच वऱ्हाडी बोलीतले. नवरा महादेव शिंपी. हातात कसब असून संसार सावरत नाही. पुढे महारोग त्याला गाठतो. बायको कौतिक राबते, मुलांनी शिकावे म्हणून धडपडते. या कादंबरीत पैशाविषयी भाषण कोणी करीत नाही. पण पानापानावर हिशेब आहे. एवढे आले, एवढे गेले, उद्याचे काय? वाचता वाचता आपणही कौतिकबरोबर मोजू लागतो. दारिद्र्य म्हणजे सदैव मोजीत राहणे, आणि श्रीमंती म्हणजे न मोजता येणे नव्हे तर मोजावे न लागणे, हे मला 'धग'ने शिकविले. येथे वही कोणी हातात धरलेली नाही, ती कौतिकच्या डोक्यात आहे.

दुसरे दया पवारांचे 'बलुतं', १९७८ सालचे. येथे पैशाची दुसरी बाजू दिसते, जी आम्हां कास्तकारांच्या लेखणीला दिसणे कठीण होते. गावगाड्यातल्या जुन्या व्यवस्थेची आम्ही हळहळून आठवण काढतो: तेव्हा पैसा नव्हता, धान्य होते, माणुसकी होती. पण ज्याला सुगीत खळ्याच्या कडेला उभे राहून हक्काचे धान्य भिकेसारखे घ्यावे लागे, त्याला विचारावे. त्याच्या दृष्टीने मुंबईच्या मजुरीचा रोख रुपया हा मोकळा श्वास होता. नाणे जात विचारीत नाही. नाणे देणारा विचारतो, ही गोष्ट वेगळी. हलकी गावकामगार वतने १९५८ च्या कायद्याने गेली, आणि ती जावीत यासाठी बाबासाहेबांनी आयुष्यभर झगडा केला होता. तेव्हा पैसा सरसकट पाप, असे म्हणणाऱ्याने 'बलुतं' वाचून मग बोलावे. पैसा बांधतो तसा सोडवितोही. प्रश्न पुन्हा तोच, लेखणी कोणाच्या हाती.

तिसरे पुस्तक आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे, सदानंद देशमुख यांचे 'बारोमास'. २००२ साली आले आणि २००४ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एकनाथ शिकलेला, पदव्या घेतलेला शेतकऱ्याचा मुलगा. नोकरी नाही, कारण शिक्षकाच्या नोकरीसाठी संस्थेला द्यावयाला पैसा नाही. घरात शहरी वळणाची बायको अलका, आणि दोघांच्या मध्ये सदैव उभी असलेली तंगी. माझ्यासारख्या शाळामास्तराला हे पुस्तक वाचताना आपलेच घर कोणी उघडे केले असे वाटले. कारण येथे दोन प्रकारचे पैसे समोरासमोर उभे आहेत. एक नोकरदाराचा, जो बारा महिने पहिल्या तारखेला येतो. दुसरा शेताचा, जो वर्षातून एकदा येतो, तोही आला तर. पहिल्या पैशावर बँक कर्ज देते, मुलगी देते समाज, मान देते गाव. दुसऱ्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. मग पुस्तकाचे नाव माझ्या मनात दोन अर्थांनी घुमू लागते. पगार बारमाही, आणि शेताची ओढाताणही बारमाही. जोतीरावांनी विद्येला पहिली पायरी म्हटले होते. एकनाथपाशी विद्या आहे, पण आता विद्येच्या पायरीवरही वित्त येऊन बसले आहे. शंभर-सव्वाशे वर्षांत घसरण वर्तुळासारखी फिरली, आणि ती फिरताना पकडणारी कादंबरी आमच्या मातीतून निघाली याचा मला अभिमान वाटतो. एक तक्रार आहे. घरातल्या बायकांच्या हातून जाणारा पैसा, बिशीचा, कोंबडीच्या अंड्यांचा, माहेरून आणलेल्या नोटेचा, त्याला आणखी पाने मिळावयास हवी होती. अशा चोरून ठेवलेल्या पैशावर आमच्याकडची कित्येक घरे तगली आहेत.

त्या चोरून ठेवलेल्या पैशाची आठवण २०१६ साली सर्वांना झाली. ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बाद झाल्या. भाऊबीज होऊन आठवडा झालेला, कापूस नुकताच घरी आलेला. साखरेच्या डब्यातून, गोधडीच्या शिवणीतून, देव्हाऱ्याच्या फळीमागून नोटा निघाल्या. गव्हर्नरचे वचन एका रात्रीत मागे घेतले जाऊ शकते, हे बायकांनी प्रथमच पाहिले. ज्या जिल्हा सहकारी बँकांत शेतकऱ्यांची खाती, त्यांना १४ नोव्हेंबरपासून जुन्या नोटा घेण्याची मनाई झाली. ज्याच्यापाशी थांबण्याची ताकद होती तो थांबला. ज्याच्यापाशी नव्हती तो रांगेत उभा राहिला. पुढे मोबाइलचे पैसे आले. आता आठवडी बाजारात भाजीच्या पाटीलाही चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटवलेला असतो. सोय झाली, नाही म्हणवत नाही. पण वही गेली असे कोणी समजू नये. ती फक्त दिसेनाशी झाली. कृषी केंद्राची उधारी आहे, बचत गटाचा हप्ता आहे, आणि बँकेत गेले की 'सिबिल' नावाचा आकडा आहे. हा आकडा कोणत्या अक्षरात, कोणी लिहिला, ते कास्तकाराला दिसत नाही. जुन्या वहीतले पान निदान समोर धरून दाखविले जाई. २०१९ साली राज्यात कर्जमुक्तीची योजना आली, तिला नाव जोतीरावांचे दिले गेले. नाव योग्यच. पण खते बुडविण्याची वेळ पुन्हा पुन्हा का येते, हा जोतीरावांचा प्रश्न नावाबरोबर घेतला गेला असता, तर अधिक योग्य झाले असते.

येथवर मी इतरांची पुस्तके तपासली. आता शेवटी स्वतःच्या घरची वही.

लेखाच्या आरंभी मी आमच्या चौरंगाचे वर्णन केले. केरसुणी, लाह्या, नाणी, बोंडे. त्या वर्णनात मी एक वस्तू गाळली. ही गाळणूक आजची नव्हे. कित्येक वर्षे ती माझ्या आठवणीतूनच गळाली होती. गेल्या उन्हाळ्यात घर शाकारताना कोनाड्यात वडिलांची एक खिशातली डायरी सापडली. तिच्या पुठ्ठ्यावर कुंकवाचे बोट उमटलेले होते. एका नव्हे, अनेक दिवाळ्यांचे, एकावर एक. तेव्हा आठवले. नाण्यांच्या ताम्हनाखाली दर वर्षी ही डायरीही ठेवलेली असे.

आत आमच्या सालदाराचे पान होते. गुढीपाडव्याला ठरलेले साल, त्यातून घेतलेली उचल, बायकोच्या बाळंतपणाला इतके, पोराच्या तापाला इतके, नागे पडलेल्या दिवसांची वजावट, आणि वर्षाअखेर त्याच्याकडेच निघणारी बाकी. पुढचे साल त्या बाकीपासून सुरू. अक्षर माझ्या वडिलांचे. काही ओळी माझ्या अक्षरात होत्या. शाळेत हिशेब चांगला येतो म्हणून वडील मला लिहावयास बसवीत, हेही तेव्हाच आठवले. अडत्याच्या वहीत आम्ही नावे होतो, आणि आमच्या डायरीत तो. ज्या कादंबरीत मी सावकाराला जाळले, तीत सालदार होता. तो धन्यावर जीव टाकणारा, इमानी, हसतमुख असा मी रंगविला होता. त्याच्या पानाची मला आठवणही झाली नव्हती.

सालदार वारला आहे. त्याचा मुलगा माझ्याच शाळेत शिकून आता बाहेरगावी कामाला असतो. म्हातारी गावात असते. मी डायरी घेऊन तिच्याकडे गेलो. काय म्हणावे ते सुचेना. तुकोबांचे नाव घेण्याचे धाडस माझ्यात नव्हते, आणि बुडवावयास आता येणे तरी काय राहिले होते? मी म्हणालो, "मावशी, हे काकांचं पान. तुमच्या हातानं फाडा, नाही तं चुलीत टाका."

तिने डायरी हातात घेतली, कुंकवाच्या बोटावरून हात फिरविला आणि परत दिली. म्हणाली, "गुरुजी, हे फाडून काय होते? आमाले कागद कुठं वाचता येत होता. आमच्या तं सारं ध्यानात हाये. कोणत्या साली किती, सारं सांगू काय?"

मग तिने सांगितले. तारखा नव्हत्या, पण पाऊस, बाळंतपण, बैलाचा मृत्यू या खुणांनी तिने वीस वर्षांचा हिशेब सांगितला. मी डायरीशी ताडून पाहिला. दोन ठिकाणी फरक पडला. दोन्ही ठिकाणी अक्षर माझे होते, आणि वजाबाकी चुकलेली होती. त्या चुकीचे पैसे तिच्या नवऱ्याने कामाने फेडले होते.

त्या दोन रकमा मी तिला दिल्या. आजच्या हिशेबाने त्या किती व्हाव्यात, हे गणित मी फळ्यावर अनेकदा सोडविले आहे, पण तिच्यापुढे मला ते धड सोडविता येईना. तिने नोटा पदराच्या गाठीत बांधल्या आणि म्हणाली, "दिवाळीले लेक येनार हाये. बरं झालं."

वाचकहो, सणाच्या दिवशी ही हकीकत सांगितली म्हणून रागावू नका. आपणही लक्ष्मीपूजन कराल. चौरंगावर काय काय मांडले आहे ते एकदा निरखून पाहा, आणि नाण्यांखाली काही ठेवलेले असेल तर तेही उचलून पाहा. म्हाताऱ्या अडत्याने सांगितले होते की वही मरत नाही. त्यांचे म्हणणे खरे आहे, पण अर्धेच. वही दोन ठिकाणी जगते, एक लिहिणाऱ्याच्या गादीवर आणि दुसरी फेडणाऱ्याच्या ध्यानात. मराठी कादंबरीने पहिली थोडीफार उघडली आहे. दुसरी अजून बहुतेक मिटलेलीच आहे. माझी पुढची कादंबरी त्या म्हातारीच्या ध्यानातून सुरू व्हावी, अशी इच्छा आहे. या वेळी हिशेब मात्र मी लिहिणार नाही. ती सांगेल, आणि मी फक्त वजाबाकी तपासून पाहीन.